गेट नंबर दोनचा चकवा

नोएडातल्या त्या सोसायटीच्या दोन नंबरच्या गेटपाशी शंभरेक माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. नकाशावरचा निळा ठिपका कुणाचा थिजलेला, कुणाचा दोन सेक्टर पलीकडे उडालेला. मधोमध दर गुरुवारी आरती करणारे यंत्रबाबा बसले होते. "रास्ता खाने वाली आत्मा है, आरती होगी तो छोड़ेगी," ते म्हणाले. आत्म्याशी रोजचं बोलणं असल्याच्या थाटात.

घंटा वाजली आणि ठिपके मुकाट जागेवर आले. सगळ्यांनी हात जोडले. स्वरूपानेही जोडले.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या सासऱ्यांच्या, अण्णासाहेबांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका नकाशाच्या नादाने पाऊण तास भलत्याच सेक्टरात फिरत राहिली. अण्णासाहेब मूळचे साताऱ्याकडचे. हा चकवा, आणि चकवा लागला की जागचं हलायचं नसतं, हे त्यांचं निदान. बाबांनी त्यावर शिक्काच मारला: एक्केचाळीस दिवस घराबाहेर पाऊल नाही, दवाखानाही नाही. उद्याची हृदयाची तपासणी रद्द झाली होती.

स्वरूपा सोसायटीच्या वायफायवर ऑफिसची मीटिंग ऐकत होती. घंटेबरोबर मीटिंग तुटली. मागच्या गुरुवारीही आरतीलाच तुटली होती. आत्मा पळाला तर नेट का पळावं? नेटचं यंत्र गच्चीवर होतं; ती तिकडे निघाली. आपलं चुकलं तर अण्णांच्या जिवावर बेतेल, ही भीती घेऊनच ती जिना चढली.

वर वायरलेस इंटरनेटचा नवा खांब होता आणि त्याच्या बटणावर बोट ठेवून उभा होता तो खांब बसवणारा अंशुमन, बाबांचा मेहुणा. तिने त्याला बाजूला सारून बटण चालू केलं. खाली ओरडा झाला, ठिपके उडाले. बंद केलं, परतले. तिने पाच वेळा करून पाहिलं; पाचही वेळा तेच, आणि घंटा एकदाही वाजली नव्हती.

खाली येऊन तिने सगळ्यांना समजावलं. उपग्रहांचा संदेश हजारो मैलांवरून कुजबुजीसारखा क्षीण येतो. हे सदोष यंत्र त्याच्याच लहरींत गोंगाट करतं, मग मोबाइलला ती कुजबुज ऐकू येत नाही. बाबा तेवढ्यात रिक्षात बसले होते.

सकाळी दवाखान्यात निघताना अण्णासाहेब उंबऱ्याशी अडले. "भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मलाही वाटते, अण्णा. तरी चला."

तपासणीत रक्तवाहिनी जवळजवळ बंद सापडली. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. एक्केचाळीस दिवस ते टिकलेच नसते, असं डॉक्टर म्हणाले.

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. पण हात जोडण्याआधी एवढं तपासा: ती कधी येते, कधी जाते, आणि त्या वेळी बटणावर कुणाचं बोट असतं.