परबांचं खणखणीत रक्त

माणसाच्या रक्तात सात पिढ्यांचा खरेपणा वाहत असतो, आणि परबांच्या रक्तात खोट काढणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं सहदेव परबांनी आपल्या मुलीच्या, मालनच्या, लग्नाच्या बैठकीत जाहीर केलं. ते माणूस जन्माला येऊन तीस वर्षं झाली होती आणि त्या क्षणी समोरच्या खुर्चीत बसून कांदाभजी खात होतं.

ती नवऱ्यामुलाची थोरली बहीण, नलिनी. अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करायची. परबांचं वाक्य ऐकून तिचे डोळे चमकले. तिने बशी खाली ठेवली, हात धुतले आणि पर्समधून सुई काढली. म्हणाली, रोग्यांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त लागतं, आणि लॅबमधली सगळी माणसं टोचून संपलीत. हल्ली मी दिसले की लिफ्ट सोडून जिन्याने जातात. सगळे हसले. एवढं बोलून बसल्यावर परब नाही कसं म्हणणार? त्यांनी बाही वर केली.

पाहुणे घाटकोपरला जायला निघाले आणि परबांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, दार लावून घेतलं.

"तुमका कोणी सांगल्यान रगताचा नाव काढूक?"

परबांची धाकटी बहीण शकु रक्ताच्या कॅन्सरनेच गेली होती. सोयरिकीच्या बोलण्यात मात्र ती काविळीने जायची. मालनचं आधीचं स्थळ या एका गोष्टीवरून मोडलं होतं. हे दुसरं मोडलं तर अख्ख्या बोरिवलीत तिसरं दारात उभं राहणार नव्हतं.

मग परबांना सगळ्यातच पाणी मुरताना दिसू लागलं. बाई रक्त घेते तर एकट्या बापाचंच का? वनमालाचं का नाही? मुलाच्या वडिलांनी साड्यांची खरेदी पुढे ढकलली, कारण म्हणे गुडघा दुखतोय. बैठकीत तर तास-दीड तास मांडी घालून बसले होते! शेवटी परबांनी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून लॅबला फोन केला. नलिनी म्हणाली, रिपोर्टबिपोर्ट काही नसतो हो काका, आम्ही नुसतं बघतो. हे तर फारच संशयास्पद होतं. मुलगी नुसती बघायला येणाऱ्यांचा परबांना दांडगा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते थेट अंधेरीला धडकले.

नलिनी टेबलाशी कात्री आणि गोंद घेऊन बसली होती. फोटोतले काळे किडे एकेक कापून कागदावर त्यांच्या जोड्या लावत होती. ती गुणसूत्रं, म्हणाली. एका पेशीत शेहेचाळीस असतात, म्हणजे तेवीस जोड्या.

"कोणाची ही?" परबांनी टेबलावर कोपर टेकून वाकत विचारलं.

"तुमचीच की."

परबांनी श्वास रोखला. नलिनीने पेन्सिलीच्या टोकाने सगळी मोजली. कपाळाला आठी घातली. पुन्हा मोजली.

"एक कमी आहे," ती स्वतःशीच पुटपुटली.

परब खुर्चीत बसले ते कोसळल्यासारखेच. आणि मग सगळं बाहेर आलं. शकुचं आजारपण, ती कावीळ, मोडलेलं स्थळ. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे नाव त्यांनी एका दमात, न अडखळता उच्चारलं. ते त्यांना घरच्या पत्त्यासारखं पाठ होतं.

"मालनचा यात काही दोष नाही, ताई. काय भोगायचं ते मी भोगीन. लग्न तेवढं मोडू नका."

नलिनीने पेन्सिल खाली ठेवली आणि हलकेच म्हणाली, "काका, मी ह्याच रोगावर काम करते. त्यात एक गुणसूत्र तुटतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या रक्तात, जन्मानंतर केव्हातरी. ते आईबापांकडून येत नाही आणि भाचरांकडे जात नाही. शकुआत्यांना उगाच इतकी वर्षं काविळीत ठेवलंत."

"म्हणजे लग्न?"

"लग्नाला काय झालंय? बाबांचा गुडघा बरा झाला की साड्या घेऊ."

परबांनी डोळे पुसले. पण एक शंका राहिलीच होती.

"आणि ते जे माझ्यात कमी आहे ते?"

"तेच तर मघापासून शोधतेय," नलिनी टेबलाखाली वाकून बघत म्हणाली. मग ती सरळ झाली आणि तिची नजर परबांच्या सदऱ्यावर थांबली. "काका, कोपर जरा वर करता का? तुमच्या बाहीला चिकटलंय."