माणूस जाईल एवढे भगदाड

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुने भगदाड आहे. वाळूजकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलनीच्या मागच्या भिंतीत मी जन्मले. तिरका होऊन माणूस जाईल, एवढीच माझी रुंदी.

भिंतीआधी इथे मोकळा माळ होता आणि मुंजाबा नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्यांची पायवाट होती. कारखाने वाढले, शहर इकडे सरकत आले आणि माळाचे प्लॉट पडले. एका कॉलनीला लागून दुसरी, तिच्यामागे तिसरी. प्रत्येकीचा रस्ता गुळगुळीत, पण भिंतीपाशी आला की संपला. तो पलीकडच्या रस्त्याला जोडावा, असे कुणाच्या डोक्यातही आले नाही. शेजारी जायचे तरी हमरस्त्याने मोठा वळसा. मुंजाबाची वस्ती भिंतीमागे अडकली, तेव्हा वैतागून त्याने पहार आणली आणि मला पाडले.

मग मी खूप राबले. पाळीवरून परतणारे कामगार, शाळेच्या मुली, दूधवाला, सगळे माझ्यातून जात. "हे भगदाड हाय म्हणून बरंय," असे बायका म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे मेंढ्या विकल्या गेल्या. मुंजाबाचे एक अंग लुळे पडले आणि तो खाटेला खिळला. त्याची बायको कडूबाई कॉलनीत भिंतीला लागूनच राहणाऱ्या केशवरावांकडे स्वयंपाकाला जाऊ लागली. भाजी शिजेपर्यंत ती माझ्यातून घरी जाई, नवऱ्याला पाणी पाजून कुशीवर वळवी आणि पोळ्यांना परत येई.

एकदा कॉलनीतून कुणाची तरी मोटारसायकल चोरीला गेली. आळ माझ्यावर आला. मोटारसायकल माझ्यातून जाईल कशी, हे कुणी विचारले नाही. बैठकीत मला बुजवायचे ठरले. केशवरावांनीही हात वर केला. माणूस वाईट नव्हता, पण कडूबाई कुठून येते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. गवंड्याने मला विटांनी बंद केले.

"काका, तुमीबी हात वर केला व्हय?" कडूबाईने विचारले.

"सुरक्षेचा प्रश्न होता हो. तुम्ही फाटकातून या ना."

"येईन की. पन मधी मालकाकडं जाणं व्हायचं नाय आता. वळसा लई पडतोय."

होईल सवय, असे केशवरावांना वाटले. काम सोडणे कडूबाईला परवडणारे नव्हते. ती खाटेजवळ पाण्याचा तांब्या ठेवून येऊ लागली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो तांब्या कलंडला. मुंजाबा हाका मारू लागला, "कडू, पानी."

केशवरावांच्या स्वयंपाकघरात हाक ऐकू आली. कडूबाई तव्यावरची पोळी तशीच टाकून सवयीने माझ्याकडे धावली. विटांवर हात आपटून "आले, आले" म्हणाली आणि मग फाटकाकडे पळत सुटली. केशवराव भिंतीशी उभे राहिले. "मुंजाबा, येतायत हो त्या," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पलीकडची हाक बारीक झाली, मग थांबली. कडूबाई पोचली ती त्यानंतर बऱ्याच वेळाने.

ती आता कामाला येत नाही. मला पुन्हा उघडावे म्हणून केशवराव बैठकीत एकटेच हात वर करतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, भिंतीही बांधाल. बांधण्याआधी पलीकडे जाऊन विचारा, इथून रोज कोण येते-जाते. मुंजाबा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर तहानलेला गेला.