झुंबरबाईची लाकडं

धामणगाव बढ्याच्या आमराईत गोऱ्या साहेबाचे तंबू पडले की आसपासची गावं धास्तावायची. दौरा साहेबाचा आणि सरपण गावांनी पोचवायचं, असला तो न्याय. त्या माघात तर अवकाळी पावसानं तीन दिवस झोडपलेलं. रानात कोरडी काडी मिळेना, आणि कडूबा गाडीवानाच्या दारात साहेबाचा चपराशी उभा.

"सांजेपर्यंत गाडीभर वाळलं सरपण पाह्यजे. नाही तं बैल सोडून नेतो."

वाळलेली लाकडं गावात एकाच घरी होती. शेजारच्या झुंबरबाईनं ओसरीत बाभळीचे ओंडके रचून ठेवले होते, स्वतःच्या चितेसाठी. मूल ना बाळ, मागं धावपळ कोण करणार? दर उन्हाळ्यात ती ते उन्हात टाकायची, वाळवी झटकायची. लोक हसायचे. आई मेल्यावर कडूबाला भाकर घातली ती तिनंच. तिच्याकडे लाकडं मागताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घेऊन जाय बे," ती खोकत म्हणाली. "बैल गेले तं खाशील काय? पण मले ओल्या लाकडावर नको ठेवू. धुपत पडाची लाज वाटते."

"आठ दिवसांत भरून देतो, मावशी."

मुक्कामावर गाडी रिकामी करून कडूबानं खानसामा बद्रुद्दीनला विनवलं, "मियाँ, चार ओंडके उरले तं परत द्या."

बद्रुद्दीन माणूस भला. त्यानं मान खाली घातली. "उरतेत कुठं, भाऊ? साहेबाचे कुत्रे भिजले. त्यायच्यासाठीच शेकोटी पेटवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा गावात शिरला, तेव्हा झुंबरबाई रात्रीतच गेली होती, तिला अंगणात घेतलं होतं.

घरोघरचं ओलं लाकूड त्याच्याच गाडीनं नदीकाठी नेलं. तेल ओतलं, कडबा घातला. नुसता धूर. लोक डोळे पुसत मागं सरले. कडूबाला ते बघवेना. त्यानं बैल सोडून लिंबाला बांधले, कुऱ्हाड उचलली आणि गाडीच्या धुऱ्यावर घातली.

गावातल्या उकंडरावानं हात धरला. "येडा झाला काय बे? खाशील काय?"

"तेच मावशीनं इचारलं होतं," कडूबा म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

तोडलेले तुकडे त्यानं चितेत सारले. बापाच्या वेळची गाडी, वंगण मुरलेली. तिनं पेट घेतला तसा धूर विरला.

तेवढ्यात चपराशी आला. "आणखी एक गाडी सरपण पाह्यजे. गाडी कुठं हाये?"

"मावशीनं नेली."

चपराशानं चितेकडे पाहिलं, मग लिंबाकडे जाऊन कासरे सोडले. बैल कडूबाकडे वळून वळून पाहत होते. तो चितेपासून उठला नाही. चाकाचा एक आरा अजून जळायचा होता.