क्लिंटची नारिंगी शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. एरवी मला बोलायला कुणाचा तरी श्वास लागतो. आज तो नाही, तरी बोलते. गप्प राहून फार दिवस झाले.

मी काही मोठ्या घराण्यातली नाही. नारिंगी प्लास्टिकची, पोटात बुचाचा एक गोल मणी. साच्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी एकदम बाहेर पडल्या. मी फिरत फिरत गावातल्या खताबियाण्यांच्या दुकानात आले आणि गल्ल्याजवळच्या टोपलीत पडून राहिले. एके दिवशी क्लिंट आला. त्याच्या शर्टाच्या आत काळ्या लॅब्रडॉरचं पिल्लू होतं, बाहेर थंडी होती म्हणून. त्यानं टोपलीत हात घातला, मला उचललं आणि सरळ तोंडाला लावलं.

"झालं," दुकानदार म्हणाला. "तुझी थुंकी लागली. आता घेऊनच जा बाबा."

"घ्यायलाच आलोय. पण बरी वाजते का ही?"

"मला काय विचारतोस? पिल्लाला विचार."

पिल्लानं शर्टाच्या गळ्यातून डोकं बाहेर काढलं होतं. त्या पिल्लाचं नाव टिल्ली.

क्लिंट मला जोरात कधी फुंकायचा नाही. बाकीचे लोक कुत्र्यावर शिट्टी अशी मारतात, जशी काही आग लागली आहे. हा हळू फुंकायचा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. दोन छोट्या फुंका मारल्या की टिल्ली वळून परत यायची. एक लांब मारली की जिथे असेल तिथे बसायची. दर ऑक्टोबरात फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा पहिला शनिवार आला की मी त्याच्या गळ्यात असायचे. गवताळ माळावर माणसं रांगेनं चालायची, मधोमध क्लिंट, त्याच्या पुढे टिल्ली. लांब शेपटीचा पक्षी भर्रकन उडाला की क्लिंट ओरडायचा, "कोंबडा!" किंवा "मादी!" कोंबडा म्हणजे नर; मादीवर गोळी चालवायची नाही, हा कायदा. त्याची नजर एवढी पक्की की तो "मादी" म्हणाला की सगळ्या बंदुका आपोआप खाली यायच्या.

हंगाम संपला की मी मागच्या दाराजवळ, चिखलाचे बूट काढतात त्या खोलीत, खुंटीवर टांगलेली असायचे. तिथून मला अर्धं स्वयंपाकघर आणि खिडकीतून सगळं अंगण दिसतं.

मग एका मार्चमध्ये क्लिंट मक्याच्या कोठीत उतरला. पत्र्याची उंच गोल कोठी, खालून मका बाहेर काढणारं यंत्र चालू, आणि वर मक्याला कडक पापुद्रा आलेला. तो फोडायला क्लिंट त्यावर उभा राहिला. पापुद्रा फुटला. खाली सरकणारा मका माणसाला पाण्यासारखा ओढून घेतो. गावची सगळी माणसं पत्रा कापायला धावून आली. मी खुंटीवर होते. एवढंच सांगते.

त्याच्या आईनं, लिओनानं, त्याचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि चर्चमध्ये नेऊन दिले. टिल्ली माझ्या खुंटीखाली येऊन पडली. दिलं तर खायची, दार उघडलं तर बाहेर जायची. पण बोलावलं तर यायची नाही. कुणाचंच ऐकायची नाही.

सप्टेंबर आला. दरवर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्चनंतरचं जेवण झालं की टेबलावर शिकारीचा बेत ठरतो. या वर्षी टेबलाशी तिघंच होते. क्लिंटचे वडील एमिल, एमिलचा भाऊ आल्विन आणि क्लिंटचा धाकटा भाऊ टाय. टाय शाळा अर्धी टाकून शेतावर आलेला, डोक्यात एखादी गोष्ट आली की हातानं ती करून मोकळा होणारा.

"या वर्षी राहू दे," एमिल म्हणाला.

"राहू दे काय राहू दे?" आल्विन म्हणाला. "तू घरात बसून काय करणार? लिओना वहिनीला त्रास देणार."

"जायचं," टाय म्हणाला. "दादा असता तर गेलाच असता."

 मग एमिलनं उसासा टाकून मिठाची बाटली ओढली. हीच त्यांची रीत. मेणकापडाचं टेबल म्हणजे माळ. मिठाची आणि मिऱ्याची बाटली माळाच्या टोकाला, म्हणजे तिथे म्हातारी माणसं उभी राहणार, समोर येणारे पक्षी अडवायला. कप एका ओळीत, म्हणजे चालणारी माणसं. एमिल एकेक कप ठेवत गेला. चुलतभाऊ इकडे, शेजारचा लॉइड तिकडे. आणि सवयीनं त्यानं साखरेचं भांडं उचलून मधोमध ठेवलं.

साखरेचं भांडं म्हणजे क्लिंट. कित्येक वर्षं.

एमिलचा हात भांड्यावर तसाच राहिला. आल्विन खिडकीबाहेर बघायला लागला. टायनं झटक्यात भांडं ओढलं, आपल्या कॉफीत साखर टाकली, एवढी की कॉफी बशीत सांडली, आणि त्या जागी आपला कप ठेवला.

"मधे मी."

"तू?" आल्विन म्हणाला. "अरे, तुझ्या तोंडातून 'कोंबडा' निघेपर्यंत तो राज्य ओलांडून नेब्रास्कात पोचलेला असतो. आणि मधला माणूस कुत्र्यासकट चालतो. कुत्री ऐकते तुझं?"

"ऐकेल."

"सकाळी मी नुसतं 'ये' म्हटलं तर मला पाठ दाखवली तिनं. माझ्याकडे दे तिला, टाय. माझ्या दोन कुत्र्यांबरोबर धावेल, काम करेल. इथे पडून पडून तिची सतरंजी झालीय."

"ती दादाची आहे."

"दादाची होती रे."

एमिल हळूच म्हणाला, "आल्विनचं खोटं नाही. जनावराला काम पाहिजे."

मग असं ठरलं. पहिल्या शनिवारी आल्विन गाडीत पिंजरा घेऊन येणार. दिवसभरात टिल्ली टायबरोबर चालली तर ती इथेच राहणार. नाही चालली तर संध्याकाळी पिंजऱ्यातून आल्विनकडे जाणार.

टाय उठला, खुंटीवरून मला ओढून घेतलं आणि तसाच मोज्यांवर अंगणात गेला. टिल्ली पायरीवर झोपली होती. त्यानं मला तोंडाला लावलं आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास माझ्यात ओतला. माझ्या पोटातला मणी गरगरला. मी अशी कधी ओरडले नव्हते.

टिल्ली उठली. कान उभे, शेपूट ताठ. टायच्या बाजूनं, त्याला ओलांडून ती धावत सुटली ती थेट मक्याच्या कोठीपाशी. कोठीच्या छोट्या दारावर पुढचे पाय टाकून ती पत्रा ओरबाडायला लागली. पत्र्यावर नखांचा आवाज कसा येतो, ते ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकू येतं.

लिओना पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ठेव ती जागेवर."

"आई, मी फक्त…"

"जागेवर ठेव म्हटलं ना! मुक्या जिवाला फसवतोस? तो आत आहे असं सांगतोस तिला?"

टायनं टोपी जमिनीवर आपटली. मला आणून खुंटीला अडकवलं आणि परत कोठीपाशी गेला. टिल्लीला ओढलं नाही, हाकललं नाही. तिच्या शेजारी पत्र्याला पाठ लावून बसला. ती थकून खाली बसली तेव्हा तिच्यात आणि त्याच्यात एक माणूस मावेल एवढं अंतर होतं.

पुढचे दिवस तयारीत गेले. बूट तेल लावून मऊ केले, बंदुका पुसल्या. टाय शेजारच्या इर्माबाईकडे तिच्या दलदलीकाठच्या गवतातून चालायची परवानगी मागायला गेला. हे काम क्लिंटचं असायचं. परत आल्यावर लिओनानं विचारलं, "काय म्हणाली म्हातारी?"

"म्हणाली, थोरला टोपी काढून बोलायचा. आधी टोपी काढ."

"मग?"

"काढली. मग म्हणाली, आता केस विंचरून ये."

लिओना हसली. मार्चनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

"दिली ना परवानगी?"

"दिली. फाटक लावून घ्या म्हणाली, आणि दोन कोंबडे साफ करून आणून द्या."

टिल्लीसाठी टायनं सगळं करून पाहिलं. सॉसेजचे तुकडे दाखवले, गोंजारलं, शिव्या दिल्या, मग शिव्या दिल्या म्हणून माफी मागितली. ती सॉसेज खायची आणि खुंटीखाली येऊन पडायची. मी वरून बघत होते. मला वाटायचं, याला एवढंच सांगता आलं असतं तर! मला घे. हळू फुंक, दोनदाच. तुझ्या दादासारखं. सगळं माझ्यात आहे, आणि याला ते कळत नाही, असं मला खरंच वाटायचं.

शनिवार उजाडला. नारिंगी टोप्या, थर्मास, अंगणात गाड्या, आल्विनच्या गाडीत पिंजरा. टायनं मला खुंटीवरून काढून गळ्यात घातलं. टिल्लीनं डोकं वर उचललं. टायकडे पाहिलं नाही. खिडकीतून कोठीकडे पाहिलं.

टायनं मला परत काढलं आणि खुंटीवर ठेवलं.

"तुला नको," तो म्हणाला. मला म्हणाला की तिला, कळलं नाही. मग त्यानं टिल्लीला उचलूनच गाडीत ठेवलं, एवढी मोठी कुत्री, आणि सगळे गेले.

त्या दिवशी घरात लिओना आणि मी. तिनं कुखेन, म्हणजे गोड केक, भाजला, वर जर्दाळू लावले. दुपारी लांबून बंदुकांचे आवाज आले तेव्हा तिचे हात थांबले, मग परत चालू झाले.

संध्याकाळी गाड्या आल्या. आधी आल्विनची. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. आत काही नव्हतं.

"वहिनी, कॉफी टाक," तो आत येत ओरडला. "तुझ्या पोरानं आज आमची अब्रू काढली."

"काय केलं?"

"मधे चालत होता. टिल्ली गेली लांब पुढे दलदलीतल्या पाणकणसात, ऐकतेय कुणाचं! आणि हा शहाणा भर रांगेत थांबला. मी ओरडलो, अरे चाल, पायाला मुळं फुटली का? बघतो तर रडतोय."

"डोळ्यात कुसळ गेलं होतं," दारातून टाय म्हणाला.

"हो, दोन्ही डोळ्यांत. एकदम. तर हा थांबला म्हणून रांग थांबली. आणि माणूस चालतोय तोवर कोंबडा गवतातून पळतो वहिनी, पण माणूस थांबला की त्याचा धीर सुटतो. सगळे एकदम उडाले! आमच्या बंदुका खांद्यावर, ओरडायला तोंडं पुरेनात. तीन पडले. पडायला हवे होते तीस."

"आणि टिल्ली?" लिओनानं विचारलं.

एमिल बूट काढत होता. तो म्हणाला, "मी समोरच्या टोकाला उभा होतो. मला दिसलं. एवढे पक्षी उडाले, तिनं मान वळवली नाही. परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. तो चालला तेव्हा चालली."

"आणि मी हा रिकामा पिंजरा घेऊन घरी जायचं," आल्विन म्हणाला. "बायको विचारेल, हा काय माझ्यासाठी आणलास?"

टिल्ली आत आली. कानात गोखरू अडकलेले, पोटाला चिखल. माझ्या खुंटीखालून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि टायच्या खुर्चीपाशी बसली. मी वर लटकत होते. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. मला वाटलं होतं, तिला परत आणायचं तर ते मीच आणणार.

आता टाय तिला जिभेनं टक टक आवाज करून बोलावतो. ओबडधोबड आवाज, पण ती येते. मला कुणी फुंकत नाही. माझी दोरी कडक झाली आहे, नारिंगी रंग उन्हानं फिका पडला आहे. माझी काही तक्रार नाही.

फक्त लिओनाला सवय आहे. ती अधूनमधून खुंटीवरचं सगळं उतरवते आणि साबणाच्या पाण्यात घालते. टोप्या, हातमोजे, पट्टे. मला अजून तिनं काढलेलं नाही. पण माझ्या पोटातल्या बुचाच्या मण्याला क्लिंटच्या कितीतरी वर्षांच्या फुंका लागल्या आहेत, आणि त्यांच्यावर अंगणातली टायची ती एक, रागावलेली. दोघे भाऊ आता एवढ्याच जागेत एकत्र आहेत.

मला वाजवलं नाही तरी चालेल. पण बायांनो, बापूंनो, मला कुणी धुऊ नका.