सिस्टरच्या गाडीची जाळी

"अजून हलवा. आतली गोळी वाजली पाहिजे."

"वाजतेय की, सिस्टर."

"ही कुरकुर झाली. खणखणीत वाजू द्या."

मी रंगाच्या स्प्रेचा डबा कानाशी धरून खुळखुळ्यासारखा हलवत होतो. समोर व्हरांड्यात सलाईनच्या स्टँडला गाडीची पुढची जाळी टांगली होती, दोन्हीकडून बँडेजच्या पट्ट्यांनी बांधून. मागे जुनी चादर, खाली वर्तमानपत्रं. जाळीच्या मधोमध जे चकचकीत चिन्ह असतं, त्यावर कागद कापून चिकटपट्टीनं बसवला होता. पट्टीचं प्रत्येक टोक किंचित दुमडलेलं. काढताना ओढाताण नको म्हणून. जन्मभर सिस्टरनी लोकांच्या जखमांवर पट्ट्या लावल्या त्या अशाच. आता गाडीला तरी वेगळी वागणूक का द्या?

शेजारच्या सिस्टर मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या, म्हणजे कागदोपत्री झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आपली छोटी गाडी काढली आणि जिथं जिथं कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे तिथं ड्रेसिंग करत फिरायला लागल्या. त्यांचा हॉर्न वाजला की कण्हणारी माणसं उशीला टेकून बसतात, केस सारखे करतात. आभार मात्र मानायची सोय नाही. कुणी मानायला लागलं की या लगेच त्याचं ब्लडप्रेशर बघायला घेतात.

तर या गाडीला परवा फाटकाचा खांब लागला. खांब लागला हे माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं, खांब पुढे आला. इतकी वर्षं निमूट उभा असलेला खांब नेमका त्या दिवशी का पुढे आला, हे विचारायची माझी छाती नव्हती. जाळीची डावी बाजू खरवडून पांढरी पडली होती आणि एक दांडी चिरली होती.

एरवी त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण रविवारी मुलगा येणार होता. मागच्या खेपेला त्यानं डाव्या दाराचा पोचा पाहिला, तेव्हा मायलेकांत माझ्यासमोरच करार झाला होता.

"आई, पुढच्या वेळी नवा ओरखडा दिसला तर किल्ली माझ्याकडे. भांडायचं नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर परत विषय काढणार नाही. शप्पथ."

म्हणून हा खटाटोप. गाडी गेली तर लोकांकडे जाणारी बाई लोकांची वाट बघणारी होणार, एवढा साधा मामला होता. त्यांनी जाळी काढली, तान्ह्या बाळासारखी साबणानं न्हाऊ घातली, चीर सांधली, पॉलिश पेपरनं घासली, स्पिरिटच्या बोळ्यानं कोपरान्कोपरा पुसला. सकाळी जाळी जमिनीवर आडवी ठेवून, तिच्याभोवती फिरत करड्या रंगाचा अस्तराचा हात देऊन झाला होता. आता काळा.

"कात्री कुठं ठेवलीत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या डाव्या कोपराशी."

"आधी लपवता आणि वर शहाणपणानं सांगता."

त्यांनी डबा घेतला आणि हात सुरू झाला. जाळीच्या उजव्या कडेबाहेरून सुरुवात, डावीकडे शेवट. हातभर अंतर. मध्ये थांबणं नाही. या वयात माझा चहाचा कप बशीत वाजतो. त्यांचा हात रुळावरून गेल्यासारखा सरकत होता. पहिला थर इतका पातळ दिला की मला वाटलं, डबा संपला.

"एवढ्यानं काय होणार?"

"तुमच्या मेव्हण्यांनी घर रंगवलं तसं नाही करायचं मला. भसाभसा मारलं की ओघळ येतात. थोडं द्यायचं, वाळू द्यायचं, परत थोडं द्यायचं."

मेव्हण्यांच्या बाबतीत मतभेद नव्हता. मी बघत राहिलो. असं नीटनेटकं काम बघायला मिळणं हीसुद्धा कमाईच असते. शेवटचा थर झाला, त्यांनी दोन पावलं मागे येऊन जाळीकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"झालं."

मी पाहिलं. उजवीकडे, मध्ये, सगळीकडे खोल, गुळगुळीत काळा रंग. डाव्या टोकाच्या दांड्या मात्र करड्याच.

"आणि ते डावीकडचं काय उद्यासाठी राखून ठेवलंय?"

"कुठलं डावीकडचं?"

"ते काय. करडं आहे की अजून."

त्यांनी पाहिलं. "कुठं?"

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. पण त्या पुढे झाल्या, बोट हलकेच दांड्यांवर ठेवत डावीकडे नेत गेल्या, मग सबंध मान वळवली आणि थबकल्या. एखाद्या तापाच्या तक्त्याकडे पाहावं तशा त्या जाळीकडे पाहत राहिल्या. मग स्टुलावर बसल्या.

"माझ्या लेखी सगळी झाली होती," त्या म्हणाल्या.

"उजेड कमी असेल सिस्टर."

"भर दुपार आहे, भाऊ."

मी डबा उगाच हलवला. गोळी वाजली, ती नको तितकी मोठ्यानं.

"आमच्या वॉर्डात एक आजोबा होते," त्या म्हणाल्या. "ताटातलं अर्धंच जेवायचे. उजवीकडचं सगळं चाटूनपुसून, डावीकडचं जसंच्या तसं. विचारलं तर म्हणायचे, संपलं की सगळं. नजर चांगली होती हो त्यांची. मेंदूत काहीतरी बिघडलं होतं. डावी बाजू म्हणून काही असते, हेच हरवलं होतं."

"मग काय करायचात?"

"ताट फिरवायचो."

रंग हाताला लागेनासा होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, पट्ट्या सोडल्या, जाळी ताटासारखी फिरवून, वरची बाजू खाली करून पुन्हा बांधली. डावीकडचं उजवीकडे आलं. "हलवा," म्हणाल्या. तोच हात, तेच अंतर, अलीकडून पलीकडे.

निघताना मी हळूच म्हटलं, "सिस्टर, मुलाला जाळी दाखवा आणि गप्प राहा. मी काही बोलणार नाही."

"खांब होता म्हणून निभावलं," त्या चिकटपट्टीचं दुमडलेलं टोक धरून कागद सोडवत म्हणाल्या. "खांबाच्या जागी कुणाचं पोर असतं तर?"

रविवारी मुलगा आला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, वाकून पाहिलं, जाळीवरून बोट फिरवलं.

"नवी टाकलीस?"

"घरी रंगवली. डबा भाऊंनी हलवला."

"काय सांगतेस!" तो हसायलाच लागला. "एक ओरखडा नाही गं. हरलो बाबा. ठेव तुझी गाडी. विषय संपला."

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. सिस्टरनी तो विजय घटकाभर अंगावर घेतला. चेहऱ्यावर दिसलाच तो. मग पर्समधून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"अगं, मी हरलो म्हणतोय ना!"

"ऐकलं. म्हणूनच देतेय. तू मागितली असतीस तर भांडले असते." मग ड्युटी दुसरीच्या हवाली करावी तशा आवाजात म्हणाल्या, "आणि उद्या मला डॉक्टरांकडे ने. डोळ्यांच्या नाही, मेंदूच्या. गाडी तू चालव."

त्याचं हसू विरलं. त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दुसरा हात आईच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

मेंदूला कधीतरी बारीकसा झटका येऊन गेला होता, डॉक्टर म्हणाले. आता गोळ्या चालू आहेत. गेलेली बाजू परत आलेली नाही. लांबचे पेशंट मुलगा आला की त्याच्या सोबतीनं, जवळचे पायी. रोज सकाळी सिस्टर खांद्याला पिशवी अडकवून निघतात, फाटकातल्या त्या खांबापाशी थांबतात, आणि सबंध मान डावीकडे फिरवून आधी खांब बघतात, मग रस्ता. मगच पाऊल टाकतात. मागे गाडी उभी असते. चिरलेली दांडी कुठली, ते मला माहीत असूनही सापडत नाही.