माहेरचा गोवर

माझ्या सुनेनं, नीलमनं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि चपलांत पाय सरकवले, तशी मी दारात आडवी झाले.

"गोवर अंगावर असताना यष्टीनं दवाखान्यात नेतीस? सुई टोचली की आत बसतो त्यो. मग बस रडत."

म्हाळसा माझी नात, चार वर्षांची. पाच दिवस ताप, अंगभर पुरळ, डोळे लालभडक, ओठ फुटलेले. आमच्या राहू गावात कुणाचं पोर तापलं की गोवर ओळखायला मलाच बोलावत. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, पण चाळीस वर्षांत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

"आत्या, तिला गेल्या साली शिरूरला, माझ्या आईकडं गोवर येऊन गेलाय," सून म्हणाली. "परत कसा यील?"

"तुमच्या शिरूरला घामोळं उठलं तरी गोवर म्हणत्यात."

शेजारच्या ताईबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नीलमनं चपला काढल्या.

मग मी घरातली फोडणी बंद केली, दारावर कडुलिंबाचा डहाळा लावला. माझा लेक बाळासो पाटसच्या कारखान्यावर होता. त्याला निरोप धाडला, इतक्यात घरी येऊ नको, बाहेरचा वारा आणू नको. गावची नर्स फरहत आली, तिलाही उंबऱ्यावरून परत लावली. पुरळ उठून इतके दिवस झाले, आता ताप उतरायला हवा होता, असं ती म्हणत होती. मी तिला विचारलं, तू किती पोरं वाढवलीस गं? तिला मूल नव्हतं.

आठव्या दिवशी खोकला लागला. नवव्या दिवशी पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. त्या दिवशी नीलमनं मला विचारलं नाही. माझा हात झिडकारून ती पोरीला घेऊन रस्त्याला लागली. मी मागं धावले.

दौंडच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया निघाला. तीन दिवस इंजेक्शनं झाली. ताप तसाच, दम तसाच. बाराव्या दिवशी पुण्याला हलवलं. बाळासो तिथंच येऊन भेटला.

तिथल्या डॉक्टरनं छाती तपासली आणि मग पोरीची बोटं उजेडात धरली. नखांच्या कडेनं कातडं सुटत होतं. तो म्हणाला की हा गोवर नाही, नुसता न्यूमोनियाही नाही. अंगातल्या रक्ताच्या नळ्याच सुजल्यात. त्या सुजेनं फुप्फुसं धरली, म्हणून इंजेक्शनं लागू पडेनात. काळजाजवळची एक नळी फुगलीय. औषध आहे, पण ते दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं.

मग त्यानं विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

नीलम खाली बघत म्हणाली, "आमाला कळलं न्हाई, सायेब."

आमाला. माझी अब्रू झाकत होती ती.

"तिला कळलं व्हतं," मी म्हणाले. "मी दार अडवलं."

बाळासो माझ्याकडं बघत राहिला. असा तो परक्या बाईकडंही कधी बघत नाही.

औषध तरीही दिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, आठवड्यानं छाती मोकळी झाली. नळी मात्र फुगलेलीच राहिली. रोज गोळी द्यायची, पोरीला पळू द्यायचं नाही, दर काही महिन्यांनी पुण्याला दाखवायला आणायचं, असं सांगून घरी सोडलं.

पुढं कधीतरी सकाळी अंगणात ताईबाईंच्या नाती शिवाशिवी खेळत होत्या. म्हाळसा त्यांच्याकडं बघत पायरीवर बसली होती. तिनं माझा पदर ओढला.

"आज्जे, मी पळू का? थोडंच."

नीलम चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आईला इचार," मी म्हणाले.