पोळं उतरवायचा पोशाख

बाल्कनीच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी नारळाएवढं पोळं केलं आणि बाल्कनीचं दार उघडायची कोणाची छाती होईना. सासऱ्यांनी झाडूने ते पाडायचा पराक्रम केला आणि डोळा सुजवून घेतला. तेव्हा सून म्हणाली, "आई, मी उतरवते. फक्त अंगभर घालायला काहीतरी शिवून द्या."

सासूबाईंचा उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, पण असलं काम पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी दोन जुने रेनकोट उसवून जोडले, टोपीला मच्छरदाणीची जाळी लावली, मनगटांना दुहेरी इलॅस्टिक घातलं. प्रत्येक शिवण दिव्यासमोर धरून तपासली.

संध्याकाळी माश्या पोळ्यावर परतल्यावर सून स्टुलावर चढली. साबणाच्या पाण्याचा फवारा बसताच माश्या तिच्यावर तुटून पडल्या. काचेआडून बघताना सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. सून मात्र जागची हलली नाही. तिने पोळं पिशवीत घेतलं, करकचून गाठ मारली आणि मगच खाली उतरली.

आत आल्याबरोबर सासूबाईंनी तिचे हात, मान, कान सगळं निरखून पाहिलं. एकही डंख नव्हता.

"काय शिवलंय आई तुम्ही!" सून म्हणाली.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "वहिनी, आमच्याही खिडकीत पोळं आहे हो. मलाही एक पोशाख शिवून द्या ना."

"देईन की," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "पण तो घालायला अशी सून तुमची तुम्ही शोधा."